परवान्याविना प्रवचन

इ. स. १७४१ च्या जानेवारी महिन्याच्या १३ तारखेस कोपनहेगन येथून एक राजाज्ञा निघाली. डेन्मार्क आणि नॉर्वे या दोन्ही देशांवर तेव्हा सहाव्या क्रिश्चनची सत्ता होती. हा राजा स्वतः मोठा श्रद्धाळू होता; प्रजेने धर्म केवळ ओठांवर न ठेवता अंतःकरणात उतरवावा, असे त्याला मनापासून वाटे. तरीही ही आज्ञा धर्माच्या अतिरेकी उत्साहाला आवर घालण्यासाठी होती. घराघरांतून धर्मसभा भरवायच्या तर त्या गावच्या पाळकाला आधी कळल्या पाहिजेत, त्या त्याच्या देखरेखीखाली झाल्या पाहिजेत. आणि ज्याला चर्चची दीक्षा नाही अशा माणसाने गावोगाव हिंडून उपदेश करू नये, असा तिचा मथितार्थ. पुढली शंभर वर्षे ही आज्ञा नॉर्वेत कायदा म्हणून टिकून राहिली. आरंभीची बरीच वर्षे तिचा फारसा वापर करण्याची वेळच आली नाही. ती वेळ आणली आग्नेय नॉर्वेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने. त्याचे नाव हान्स नील्सन हाउगे.

हाउगेची कथा युरोपातील धर्मजागृतीच्या इतिहासात येते, आणि तेथे ती सहसा एका भक्ताचे चरित्र म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना वेगळाच प्रश्न पडत राहतो. हा माणूस जे सांगत होता त्यात चर्चच्या मान्य शिकवणुकीविरुद्ध जाणारे जवळजवळ काही नव्हते. तो लूथरपंथी होता, लूथरपंथीच राहिला. मरताना त्याने अनुयायांना बजावले तेही हेच, की चर्च सोडू नका. मग राज्यसत्तेने या माणसाच्या आयुष्यातली दहा वर्षे तुरुंग आणि खटला यांत का घालवली? त्याच्या उपदेशातला कोणता शब्द तिला सलला? उत्तर शोधू लागलो की ध्यानात येते, शब्द सलला नव्हता. तो कोणाच्या तोंडून येत होता, आणि तो तोंडवाला एका गावात न राहता दुसऱ्या गावाला निघत होता, हे सलले होते.

त्या काळचा नॉर्वे डोळ्यांपुढे आणला पाहिजे. १८०१ च्या शिरगणतीत या लांबलचक देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्या आत भरली. डोंगर, अरण्ये आणि जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाड्या यांनी वस्त्या एकमेकींपासून तोडलेल्या. आपल्याकडच्यासारखे घराला घर लागलेले गाव तेथे क्वचित. एकेका खोऱ्यात शेतवाड्या विखुरलेल्या, आणि हिवाळ्यात बर्फ पडले की शेजारची वाडीसुद्धा दूर वाटावी अशी स्थिती. देशात स्वतःचे विद्यापीठ नव्हते. पाळक कोपनहेगनला शिकून येत, डॅनिश बोलत आणि लिहीत. पाळक हा राजाचा अधिकारीच असे. राजाज्ञा वाचून दाखवायच्या त्या चर्चच्या व्यासपीठावरून. एकेकाकडे दोन-तीन चर्चे सोपवलेली, त्यामुळे दूरच्या वस्तीला दर रविवारी त्याचे दर्शन घडत नसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस यांपैकी पुष्कळ पाळक नव्या बुद्धिवादी विचारांचे होते. खत कसे घालावे, देवी कशा टोचून घ्याव्यात, बटाटा का लावावा, हेही ते लोकांना समजावून सांगत. पुढे त्यांना ‘बटाटेवाले पाळक’ असे थट्टेचे नाव पडले. त्या बटाट्याने दुष्काळात किती जीव वाचवले याचा विचार केला, तर ही थट्टा काहीशी कृतघ्नपणाची आहे. परंतु ज्याला रात्री आपल्या पापाच्या विचाराने झोप लागत नाही अशा माणसाला त्या बटाट्याचा उपयोग नव्हता, हेही खरे.

दुसरी एक गोष्ट याच सहाव्या क्रिश्चनने केली होती, आणि तिचा परिणाम त्याच्या त्या बंदीच्या आज्ञेपेक्षा कितीतरी दूरवर गेला. १७३६ मध्ये त्याने दृढीकरणाचा संस्कार सर्वांना सक्तीचा केला. तो झाल्याशिवाय लग्न करता येत नसे. संस्कारासाठी प्रश्नोत्तरी यावी लागे, आणि प्रश्नोत्तरी यायची तर वाचता यावे लागे. म्हणून १७३९ मध्ये ग्रामीण शाळांचा हुकूम निघाला. इमारत नसलेल्या भागात मास्तरच वाडी-वाडीवर फिरून शिकवू लागले. एरिक पोंटॉपिडान या धर्मपंडिताने राजाच्या आज्ञेवरून १७३७ साली सिद्ध केलेली प्रश्नोत्तरी ७५९ प्रश्नांची होती. ती पाठ करता करता दोन पिढ्यांत नॉर्वेचा शेतकरी वाचू लागला. लिहिणे मात्र त्याला कोणी शिकवले नाही. संस्काराला त्याची गरज नव्हती. एका हाताने वाचनाची किल्ली द्यायची आणि दुसऱ्या हाताने, वाचलेल्याविषयी चारचौघांत बोलू नये, अशी ताकीद द्यायची, हा विसंगत व्यवहार फार काळ चालण्यासारखा नव्हता.

हाउगेचा जन्म ३ एप्रिल १७७१ चा, ट्यूने परगण्यातल्या रोल्व्सॉय येथला. घर खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचे, वळण कडक धार्मिक. मुलगा हाताचा कुशल. सुतारकाम, लोहारकाम, मधमाश्या पाळणे, जे हाती घेई ते नीट करी. तेरा वर्षांचा असताना ग्लोमा नदीत होडी उलटून तो मरता मरता वाचला, आणि मेलो असतो तर कोठे गेलो असतो ही धास्ती त्याच्या मनात घर करून राहिली. वाचनाचा नाद होता, पण ते सारे वाचन लूथर, पोंटॉपिडान, बायबल आणि भक्तिगीते एवढ्याच परिघातले.

५ एप्रिल १७९६ रोजी, पंचविसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झालेले असताना, तो वडिलांच्या शेतात नांगरणी करत होता. तोंडाने एक जुने भक्तिगीत म्हणत होता. येशूशी जिवाचे मीलन व्हावे, अशा आशयाचे ते गीत. दुसऱ्या कडव्याशी आल्यावर आपले भान हरपले, मन ईश्वराच्या ठायी असे उचलले गेले की ते शब्दांत सांगता येणार नाही, असे त्याने पुढे लिहून ठेवले. हे लिखाण त्या प्रसंगानंतर वीसेक वर्षांनी, तुरुंगवास भोगून झाल्यावर प्रसिद्ध झालेले आहे. तेव्हा आठवणीवर मधल्या काळाची छाया पडली असणे संभवते. परंतु त्या दिवसानंतर त्याने जे केले त्याला मात्र भरपूर साक्षी आहेत. आधी घरातली भावंडे, मग शेजारी, मग शेजारची गावे, असा तो बोलत सुटला. त्याच वर्षी पहिले पुस्तक लिहून तो ते छापून घ्यायला पायी क्रिस्टियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, गेला. जगाच्या मूर्खपणाविषयीचे चिंतन असा त्या पुस्तकाचा विषय. भाषा ओबडधोबड. ज्या डॅनिशमध्ये तो लिहीत होता ती त्याच्या घरात बोलली जात नव्हती, आणि लेखनाचे शिक्षण तर त्याला मिळालेच नव्हते. शिकलेल्यांनी या पुस्तकाची खिल्ली उडवली. शेतकऱ्यांनी ते वाचले, कारण त्यातला माणूस त्यांच्यासारखाच अडखळत होता.

१७९६ ते १८०४ या आठ वर्षांत हाउगे चालत राहिला. पुढच्या अभ्यासकांनी हिशेब करून सांगितलेला आकडा सुमारे पंधरा हजार किलोमीटरचा आहे. दक्षिणेच्या किनाऱ्यापासून उत्तरेला ट्रॉम्सोपर्यंत, पश्चिमेला बर्गेनपासून पूर्वेच्या अरण्यप्रदेशापर्यंत, आणि अधूनमधून डेन्मार्कलाही तो जाऊन आला. बहुतेक प्रवास पायी, हिवाळ्यात लाकडी पट्ट्या पायांना बांधून बर्फावरून. चालताना हात रिकामे राहू नयेत म्हणून तो विणत असे. ज्या घरी मुक्काम पडे तेथे हातमोजे किंवा पायमोजे ठेवून पुढे जाई. मुक्कामाच्या वाडीवर काम चालू असले तर आधी कामाला हात लावी आणि संध्याकाळी बोले. फुकटखाऊ भटक्या म्हणून ज्याच्यावर पुढे आरोप व्हायचा होता, त्याची ही दिनचर्या होती.

अशा बैठकीचे एक प्रसिद्ध चित्र अडोल्फ टिडेमान या नॉर्वेजियन चित्रकाराने १८४८ साली काढले. जुन्या पद्धतीचे लाकडी घर, मध्यभागी उघडी चूल, छपराला धूर जाण्यासाठी ठेवलेले छिद्र. त्या छिद्रातून उतरणारा उजेड, आणि त्या उजेडात स्टुलावर उभा राहून बोलणारा एक तरुण शेतकरी. भोवती म्हातारे, बायका, मुले. कोणी विचारात बुडालेले, कोणी डोळे पुसणारे, कोणी साशंक. चित्रकार हा जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहणारा, हाउगेच्या पश्चात चित्र काढणारा. त्याने प्रसंगाला एक शोभिवंत गांभीर्य दिले आहे, हे उघड दिसते. तरी एक गोष्ट त्याने अचूक टिपली. बोलणाऱ्याच्या अंगावर ऐकणाऱ्यांच्याच जातीचे कपडे आहेत. व्यासपीठ नाही, काळा झगा नाही, आणि वरून येणारा उजेड रंगीत काचेतून आलेला नाही.

आपल्याकडच्या वाचकाला यात विशेष काय, असे वाटण्याचा संभव आहे. कुणबी, शिंपी, कुंभार, माळी यांनी संतपद मिळवलेल्या भाषेत आपण वाढलो. गावोगाव हिंडून कीर्तन करणाऱ्याला सरकारी परवाना असावा लागतो, ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. पण ‘तुला बोलण्याचा अधिकार कोणी दिला?’ हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला होता, आणि परंपरा सांगते की त्याची झळ देहूच्या एका वाण्याच्या वह्यांना इंद्रायणीपर्यंत पोचली. फरक इतकाच, की येथे तो प्रश्न वर्णाच्या आधाराने विचारला गेला आणि तेथे कायद्याच्या कलमाने. कलमाला एक सोय असते. ते दुसऱ्या वेळेसही तसेच लावता येते.

ते वारंवार लावले गेले. १७९७ च्या नाताळाच्या सुमारास, घरापासून फार दूर नसलेल्या एका बैठकीतून त्याला प्रथम उचलण्यात आले. त्यानंतर ठिकठिकाणी अटका झाल्या. एकूण दहाहून अधिक. कोठे एका रात्रीची कोठडी, कोठे महिनाभराचा तुरुंग. ट्रॉन्हेमला अशीच शिक्षा भोगून तो सुटला आणि १८०० मध्ये थेट कोपनहेगनला जाऊन त्याने आपली पुस्तके मोठ्या प्रमाणावर छापून घेतली. बंदी घालणाऱ्या राजधानीतच बंदीला उत्तर छापले गेले, ही त्या काळच्या कारभाराची एक गंमत. स्वतः लिहिलेली, संपादित केलेली अशी त्याची पुस्तके तीसहून अधिक आहेत, आणि त्यांच्या दोन लाखांच्या आसपास प्रती लोकांत गेल्या असाव्यात, असा अंदाज केला जातो. नऊ लाख वस्तीच्या देशात हा आकडा थक्क करणारा आहे.

पण मला पुस्तकांपेक्षा पत्रे अधिक महत्त्वाची वाटतात. हाउगे पुढच्या गावी गेला तरी मागच्या गावातल्या बैठका थांबू नयेत म्हणून तो पत्रे लिही. ती पत्रे मोठ्याने वाचली जात, नकलून घेतली जात, पुढच्या खोऱ्यात पाठवली जात. उत्तर पाठवायचे तर लिहायला शिकणे भाग होते. अशा रीतीने, शाळेने जे अर्धे शिक्षण दिले होते त्याचा उरलेला अर्धा भाग लोकांनी आपल्या आपण मिळवला. एका खोऱ्यातल्या शेतकऱ्याला दुसऱ्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचे नाव, त्याचे दुःख, त्याच्या गावचा धान्याचा भाव ठाऊक होऊ लागला. आजवर या खोऱ्यांना जोडणारा धागा एकच होता. तो वरून खाली, कोपनहेगनहून पाळकापर्यंत आणि पाळकापासून शेतकऱ्यापर्यंत येत असे. आता एक आडवा धागा पडला. बायकाही त्यात होत्या. डोंगराळ प्रदेशातल्या व्हिंगेलेन भागातली सारा औस्त ही तरुण शेतकरीण हाउगेच्या प्रेरणेने उपदेश करू लागली. पुरुषाने बोलणे जेथे गुन्हा होता तेथे बाईने बोलणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

धान्याच्या भावाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. नॉर्वेत व्यापार करण्याचा हक्क शहरांतल्या सनदधारक व्यापाऱ्यांना होता. शेतकऱ्याने पिकवावे आणि त्यांना विकावे, अशी व्यवस्था. १८०१ च्या सुमारास हाउगेने बर्गेनमध्ये व्यापाऱ्याची सनद मिळवली. गलबते, मासळी, धान्य यांच्या व्यवहारात तो शिरला. त्याच्या मंडळींनी आइकर येथे कागदाची गिरणी उभारली. क्रिस्टियानसानला छापखाना आला. कोणत्या खोऱ्यात धबधबा आहे, कोठे माती चांगली आहे, कोणता तरुण हिशेबाला पक्का आहे, हे पायी हिंडणाऱ्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? एखाद्याला तो सांगे, तू उत्तरेला जा, तेथे जमीन पडून आहे. दुसऱ्याला सांगे, तू गिरणी घाल. भांडवल मित्रमंडळीतून उभे राही. श्रम हीही उपासनाच, कमाई ही देवाची ठेव आणि आपण तिचे कारभारी, अशी त्यामागची भूमिका. पुढे समाजशास्त्रज्ञांनी धर्म आणि उद्यम यांच्या नात्यावर पुष्कळ लिहिले. हाउगेने ते नाते कोणताही सिद्धांत न मांडता एका पिढीच्या आत उभे करून दाखवले होते. बटाटेवाल्या पाळकांना लोकांचे जे भौतिक कल्याण साधायचे होते, तेच हा त्यांचा टीकाकार अधिक वेगाने साधत होता.

येथेच मामला बिघडला. एकटा भाविक अधूनमधून कोठडीत टाकता येतो. ज्याची माणसे प्रत्येक खोऱ्यात आहेत, ज्याच्याकडे गिरणी, गलबते आणि छापखाना आहे, आणि ज्याचे शब्द पाळकाच्या प्रवचनाहून अधिक ऐकले जातात, त्याची गोष्ट निराळी. त्यात फ्रान्समधली क्रांती होऊन फार वर्षे लोटली नव्हती. क्रिस्टियानसानचे बिशप पेडर हान्सन यांनी राजधानीला गंभीर तक्रार लिहिली, इतरही अधिकाऱ्यांचे अहवाल गेले, आणि १८०४ च्या ऑक्टोबरात हाउगेला आइकर येथे पकडण्यात आले. तेथून त्याला क्रिस्टियानियाच्या तुरुंगात नेले. पुस्तके जप्त करण्याचा हुकूम सुटला. व्यापारातली त्याची मालमत्ता सरकारने ताब्यात घेऊन विकली. चौकशीसाठी खास आयोग नेमला गेला, आणि देशभरातून शेकडो साक्षी गोळा करण्याचे काम सुरू झाले. आरोप असे : १७४१ च्या आज्ञेचा भंग, पाळकवर्गाची निंदा, तरुणांना कामधंद्यापासून परावृत्त करणे, आणि भाबड्या लोकांकडून पैसा घेऊन गुप्त सामाईक निधी उभारणे. या शेवटच्या दोन्ही गोष्टी सिद्ध होऊ शकल्या नाहीत. पहिली सिद्ध करायला साक्षींची गरजच नव्हती. तो स्वतः ती नाकारत नव्हता. देवाची आज्ञा आणि राजाची आज्ञा यांत मला पहिली अधिक बांधते, एवढेच त्याचे म्हणणे.

साक्षी येत राहिल्या, कागद वाढत राहिले, वर्षे गेली. आरंभीच्या काळात भेटी, पत्रे, पुस्तके यांवर कडक बंधने होती. आठ वर्षे मोकळ्या हवेत चालणाऱ्या माणसाला एका खोलीत बसवले की काय होते ते त्याच्या शरीराने दाखवून दिले. तिशीतला धडधाकट शेतकरी चाळिशीला टेकेपर्यंत रोगजर्जर झाला. दात गेले, सांधे धरले.

याच काळातला एक प्रसंग असा आहे, की तो कादंबरीत असता तर आपण अतिरंजित म्हणून सोडून दिला असता. १८०७ पासून डेन्मार्क-नॉर्वेचे राज्य नेपोलियनच्या बाजूने युद्धात ओढले गेले, आणि इंग्रजी आरमाराने समुद्र अडवला. धान्य येईना. मीठही येईना, आणि ज्या देशाचे अन्न म्हणजे खारवलेले मासे, त्याला मीठ नसणे म्हणजे उपासमार. समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढण्याचे कारखाने कोण उभारू शकेल, याचा विचार सुरू झाला तेव्हा सरकारला आपल्याच तुरुंगातला कैदी आठवला. १८०९ मध्ये हाउगेला बाहेर काढून दक्षिण किनाऱ्यावर पाठवण्यात आले. त्याने जागा पाहिल्या, माणसे जमवली, काम चालू करून दिले. आणि काम झाल्यावर त्याला पुन्हा तुरुंगात ठेवण्यात आले. त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केल्याची नोंद नाही. तो पळाला असता तर किनाऱ्यावरच्या कोणत्याही वाडीत त्याला आसरा मिळाला असता.

१८११ मध्ये प्रकृतीमुळे त्याला बाहेर राहण्याची मोकळीक मिळाली. निकाल मात्र लागायचाच होता. तो डिसेंबर १८१३ मध्ये लागला : दोन वर्षे सक्तमजुरी. त्यावर अपील झाले. ते चालू असतानाच नॉर्वेचे राजकीय भवितव्य पालटले. डेन्मार्कचा पराभव झाला, कीलच्या तहाने नॉर्वे स्वीडनच्या पदरात टाकला गेला, आणि ते न मानता एइड्सव्होल येथे ११२ प्रतिनिधींनी जमून १७ मे १८१४ रोजी स्वतःची राज्यघटना सिद्ध केली. त्या सभेत शेतकरी प्रतिनिधींचा मोठा गट होता, आणि त्यांत हाउगेच्या मंडळींपैकी तिघे होते असे सांगितले जाते. म्हणजे शिष्य घटना लिहायला बसले होते आणि गुरू अपीलाच्या निकालाची वाट पाहत होता. तो निकाल त्याच वर्षाच्या डिसेंबरात आला. मजुरी रद्द, त्याऐवजी एक हजार रिक्सडालर दंड आणि खटल्याचा खर्च. नव्या घटनेच्या देशाने जुन्या राजाची आज्ञा मोडल्याबद्दल केलेला हा दंड त्याने मित्रांच्या मदतीने भरला.

उरलेली दहा वर्षे झटपट सांगण्यासारखी आहेत. १८१५ मध्ये त्याने विवाह केला. पत्नी आंद्रेया त्याच वर्षी बाळंतपणानंतर वारली. १८१७ मध्ये दुसरा विवाह. त्यातली बहुतेक मुले लहानपणीच गेली. क्रिस्टियानियाजवळच्या ब्रेट्वेट या शेतवाडीवर तो राहू लागला. आता तो हिंडू शकत नव्हता, पण लोक त्याच्याकडे येत. त्यांत काही पाळक आणि बिशपही होते. २९ मार्च १८२४ रोजी तो मरण पावला. पहिल्या पत्नीपासून झालेला मुलगा आंद्रेआस मोठा होऊन रीतसर दीक्षा घेतलेला पाळक झाला.

१७४१ ची आज्ञा मात्र जिवंतच होती. नॉर्वेच्या संसदेत, स्टॉर्टिंगमध्ये, शेतकऱ्यांचे बळ वाढत गेले तसतशी ती रद्द करण्याची मागणी जोर धरू लागली. दोनदा संसदेने ठराव केला आणि दोनदा राजाने संमती नाकारली. अखेर १८४२ मध्ये ती गेली. मधल्या काळात, १८३७ साली, गावांना स्वतःचा कारभार निवडून दिलेल्या पंचांकडून चालवण्याचा कायदा मिळाला होता. बैठकीत उठून बोलणे, पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे हे सारे ज्यांनी स्टुलाभोवतीच्या त्या बैठकांतून शिकून घेतले होते, ते अनेक ठिकाणी या नव्या कारभारात पुढे आले.

या वारशाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्या चळवळीने बोलण्याचा हक्क मिळवला तिनेच पुढे पुष्कळांचे गाणे बंद केले. लग्नातले फिडल, नाच, पत्ते, जुन्या कथागीतांच्या मैफली, हे सारे धर्मजागृती झालेल्या खोऱ्यांतून पापाच्या यादीत गेले. ज्या वाद्याच्या सुरावर आजोबा नाचले होते ते नातवाने अडगळीत टाकले. हाउगेच्या मागून आलेल्या पिढ्यांत ही करडी वृत्ती त्याच्यापेक्षा अधिक वाढली, असे अभ्यासक म्हणतात आणि ते बरोबर असावे. पण बीज त्याच्या उपदेशात नव्हते असे म्हणता येत नाही. आलेक्सांडर शिलान या कादंबरीकाराने १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्किपर व्होर्से’ या कादंबरीत स्टाव्हांगर शहरातली हीच मंडळी रंगवली आहेत. तोवर ती व्यापारात संपन्न झाली होती आणि इतरांच्या आत्म्याची तपासणी करण्यात निष्णात. एका उमद्या म्हाताऱ्या कप्तानाला त्या वातावरणात गुदमरताना वाचले की मन विषण्ण होते. आणि १८१४ च्या ज्या घटनेचे गौरवाने स्मरण केले जाते, तिच्या दुसऱ्याच कलमाने ज्यूंना देशात प्रवेश नाकारला होता. ते कलम १८५१ मध्ये गेले. स्वतःच्या श्रद्धेसाठी छळ सोसलेले लोक दुसऱ्याच्या श्रद्धेला दार उघडतातच असे नाही.

या चळवळीची एक क्षीण रेषा आपल्या देशापर्यंत येऊन पोचते. १८४२ मध्ये, म्हणजे ती आज्ञा रद्द झाली त्याच वर्षी, स्टाव्हांगर येथे नॉर्वेजियन मिशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत हाउगेपंथी मंडळी ठळकपणे होती. काही वर्षांनी तिच्याकडे लार्स ओल्सेन स्क्रेफ्सरूड नावाच्या एका तरुणाने धर्मसेवक म्हणून घेण्याविषयी विचारणा केली. हा गरीब घरातला, चोरीच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला आणि तेथेच मन पालटलेला. तुरुंगवासामुळे त्याला नकार मिळाला. ज्यांचा आद्यपुरुष वर्षानुवर्षे कैदी होता त्यांना कैद्याचा विटाळ वाटावा, याला काय म्हणावे! स्क्रेफ्सरूड बर्लिनला गॉसनर मिशनमध्ये गेला, तेथून १८६० नंतरच्या दशकात हिंदुस्थानात आला, आणि १८६७ मध्ये हान्स पेटर बोरेसेन या डॅनिश सहकाऱ्याबरोबर संथाळ परगण्यात, दुमक्याजवळच्या बेनागडिया येथे राहू लागला. सिदो आणि कान्हू यांचा उठाव होऊन तेव्हा अवघी बारा वर्षे झाली होती.

त्याच्या धर्मांतराच्या कार्याविषयी मते वेगवेगळी असू शकतात आणि असावीत. तेथेही जुन्या पूजा, जुने नाच यांना विरोध झालाच. परंतु भाषेच्या बाबतीत हा माणूस फार दक्ष होता. १८७३ मध्ये त्याने संथाळी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याच्या मागून आलेल्या पॉल ओलाफ बोडिंग या देशबांधवाने पुढे पाच खंडांचा संथाळी कोश सिद्ध केला. त्याच्याही आधी, १८७१ च्या सुमारास, स्क्रेफ्सरूडने कोलेआन नावाच्या एका वृद्ध संथाळ गुरूला आपल्याजवळ बसवले. सृष्टी कशी झाली, पूर्वज कोठून कोठे गेले, जन्म, लग्न, मरण यांचे विधी कोणते, मांझी आणि परगणा यांचा कारभार कसा चालतो, हे म्हातारा आपल्या भाषेत सांगत गेला आणि हा लिहून घेत गेला. १८८७ मध्ये ते पुस्तक छापले गेले. लिपी रोमन आहे. सांगणारा संथाळ आहे. संथाळी गद्याचा इतिहास लिहिणारे आजही त्या पुस्तकाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत.